नखभर फरकाची खुर्ची

राजशेखर बिराजदारांनी सासूबाईंसाठी स्वतःच्या हातानं डुलती खुर्ची करायचं जाहीर केलं, तेव्हा त्यांची बायको शिवकांता भाजी चिरायची थांबली आणि तिनं काळजीनं विचारलं,

"अव्वाचं नि तुमचं काही वाकडं आलंय का?"

"वाकडं कशाला यायलंय? चांगली खुर्ची करून द्यायलो म्हातारीला."

"तेच म्हणते मी. तिनं तुमचं काय बिघडवलंय?"

प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. लातूरमधलं खत-बियाण्यांचं दुकान मुलाच्या, शिवप्रसादच्या, ताब्यात दिल्यापासून राजशेखररावांना सुतारकामाचा नाद लागला होता. त्याला कारण मोबाईल. परदेशातला कुणीतरी दाढीवाला माणूस एक शब्द न बोलता ओबडधोबड ओंडक्यातून हंसासारखी खुर्ची काढायचा, आणि राजशेखरराव जेवण थंड होईपर्यंत बघत बसायचे. बघता बघता त्यांना वाटू लागलं की हे आपल्यालाही जमेल. निदान त्यातला न बोलण्याचा भाग तरी जमेलच.

मग पार्किंगमधली गाडी रस्त्यावर गेली आणि तिच्या जागी राऊटर टेबल आलं. लोखंडी पायांचं टेबल, मधोमध भोक, आणि भोकातून वर डोकावणारं, पिठाच्या गिरणीसारखा आवाज करत फिरणारं धारदार बिट. लाकूड दोन्ही हातांनी धरून त्या बिटपुढून न्यायचं, की कड कापली जाते, गोल होते, गुळगुळीत होते. राजशेखररावांच्या हातून यातली पहिली क्रिया हमखास व्हायची. त्यांनी केलेलं स्टूल घरातल्या एकाच फरशीवर न डगमगता उभं राहायचं. शिवकांतानं त्या फरशीवर पेनानं फुली मारून ठेवली होती. त्यांनी केलेल्या मांडणीवरून कपबशा आपणहून खाली यायच्या. पाहुणे आले की ते स्वतःच सांगायचे, "हे आमचं काम. लांबून बगा, हात लावू नका."

पण यावेळी प्रश्न हौसेचा नव्हता. सासूबाई, म्हणजे कमलम्मा, उदगीरच्या. नवरा गेल्यावर त्यांनी बांगड्यांचं दुकान एकटीनं चालवलं होतं. भर रस्त्यावरचं दुकान, वर राहायची खोली, मधे शिडीसारखा उभा जिना. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर शिवकांतानं त्यांना लातूरला आणलं आणि मागची खोली दिली, कारण तिला लागून न्हाणीघर होतं. सोय उत्तम होती. फक्त त्या खोलीतून भिंत दिसायची, आणि भिंतीवर एका खताच्या कंपनीचं कॅलेंडर.

"त्या कॅलेंडरावरच्या टमाट्याकडं किती बगू?" कमलम्मा म्हणायच्या. "रस्ता बगून बगून म्हातारी झाले मी. हितं माणूस दिसंना. साकु, पुरे झालं आता. उमाशंकर रविवारी गाडी घेऊन येणार हाय. त्याच्याबराबर जाते उदगीरला."

उमाशंकर हा त्यांच्या भावाचा मुलगा. तो आत्याला न्यायला एका पायावर तयार होता, पण तिकडं ती त्या जिन्यावरून पडली तर उचलायला कोणी नव्हतं. शिवकांताला हे कळत होतं आणि तिला रात्री झोप लागत नव्हती. आईला 'राहा' म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की कमलम्मा दुप्पट जोरानं पिशवी भरायला घ्यायच्या. गुडघ्याचा व्यायाम करून घ्यायला रोज सकाळी येणारी पंचशीला मात्र एकदा सहज म्हणाली होती, "सोफा लई खाली हाय, प्लास्टिकची खुर्ची सरकते. आजीला डुलती खुर्ची असती तर बरं झालं असतं. बसल्या बसल्या गुडघा हलता राहिला असता, आणि मनबी रमलं असतं."

हे वाक्य राजशेखररावांच्या कानावर पडलं आणि पुढचं सगळं घडलं.

डुलत्या खुर्चीत बाकी सगळं साधं असतं. बैठक, पाठ, हात, चार पाय. खरी परीक्षा पायांखालच्या दोन कमानींची. दोन्ही वाकड्या, पण दोन्ही सारख्याच वाकड्या. त्यासाठी आधी प्लायचा एक फर्मा कापायचा, तो सागवानी फळीवर चिकटवायचा आणि दोन्ही मिळून राऊटरपुढून न्यायचे. बिटच्या शेंड्यावर वाटाण्याएवढं बेअरिंग असतं. ते फर्म्याच्या कडेला टेकून फिरतं आणि खालचं पातं तेवढंच लाकूड कापतं. फर्मा जसा, तशी कमान. चूक व्हायला जागाच नाही, असं दाढीवाल्याच्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं. लिहिणारा राजशेखररावांना ओळखत नसावा.

सोमवारी त्यांनी गेटच्या कडीला दोरी बांधली, दोरीच्या टोकाला पेन्सिल बांधली आणि पार्किंगच्या जमिनीवर प्लाय अंथरून मोठा गोल ओढायला घेतला. पंचशीला आली आणि दोरी ओलांडताना थबकली.

"काका, खो-खोचं मैदान आखायलाव का?"

"आजीची खुर्ची हाय ही."

"एवढी मोठी?" असं म्हणून ती आत गेली.

पहिली कमान अशी सुंदर निघाली की राजशेखरराव स्वतःच घाबरले. सागवान किनवटकडचं होतं, सोन्यासारखं. त्यांनी कमानीवरून हात फिरवला, गालाला लावून बघितली, फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. दुकानातून शिवप्रसादचं ताबडतोब उत्तर आलं, "पप्पा, केळी घेतली का?"

दुसऱ्या कमानीच्या वेळी त्यांनी बिट जरासं वर घेतलं. का घेतलं, हे त्यांनी नंतर स्वतःला अनेकदा विचारलं, पण तिकडून उत्तर आलं नाही. बिट वर गेलं तसं बेअरिंग फर्म्याच्याही वर गेलं आणि हवेत फिरू लागलं. त्याच्या खालचं पातं थेट फर्म्यात घुसलं. फाडकन आवाज झाला. कमान हातातून निसटली, कुंपणाच्या भिंतीवरून उडाली आणि शेजारच्या तारामतीबाईंच्या अंगणात गेली. राजशेखररावांनी आधी दोन्ही हातांची बोटं तपासली. ती जागच्या जागी होती. मग त्यांनी भिंतीवरून हाक मारली,

"ओ तारामतीताई, लाकूड आलं का ओ तिकडं?"

"आलंय की. पाण्याच्या ड्रममधी पडलंय. काढून देऊ का पोहू देऊ?"

"कुणाला लागलं न्हाई ना?"

"माणसाला न्हाई. तुमचं टेबल सुरू झालं की आमी घरातच बसतो."

लाकूड गेलं त्याचं दुःख नव्हतं, फळ्या भरपूर होत्या. पण फर्म्याच्या पोटात नखभर खड्डा पडला होता. शहाण्या माणसानं नवा फर्मा कापला असता. राजशेखररावांना रविवार दिसत होता. त्यांनी खड्ड्यात लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरली. ज्या सुताराचा हात चुकतो त्याच्यासाठी देवानं लांबी निर्माण केली आहे, आणि राजशेखररावांकडं तिचा डबा कायम उघडाच असायचा. लांबी वाळली, वरून पॉलिश पेपर मारला, फर्मा नव्यासारखा दिसू लागला. मग त्यांनी दुसरी कमान काढली. बेअरिंगच्या दाबाखाली ती लांबी किंचित आत बसली, हे त्यांच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं, कारण त्यावेळी ते मनातल्या मनात उमाशंकरला खुर्ची दाखवत होते.

"दोन्ही सारख्या हायत ना, काका?" दुसऱ्या दिवशी पंचशीलेनं विचारलं.

"एकदम जुळ्या."

"माझ्या मावशीलाबी जुळी हायत. एकाचा शर्ट दुसऱ्याला होत न्हाई."

बुधवारी संध्याकाळी खुर्ची तयार झाली. कमानी त्यांनी बोल्टनं बसवल्या होत्या. गोंद लावून कायमचं जोडण्याच्या ते विरुद्ध होते, कारण आपलं काम पुन्हा उसवावं लागतं हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. मागच्या खोलीत नारळ फोडला, कमलम्मांना हाताला धरून बसवलं. त्यांनी काठी मांडीवर घेतली, पाय टेकले आणि हलकेच झोका घेतला. खुर्ची मागं गेली, पुढं आली. कुठं करकर नाही, कुठं कचकच नाही. कमलम्मांचे डोळे मिटले.

"जावई," त्या म्हणाल्या, "पाळण्यात बसल्यावानी वाटायलंय की ओ."

शिवकांतानं नवऱ्याकडं असं बघितलं की राजशेखररावांना लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. ते पार्किंगमध्ये गेले आणि राऊटर टेबल फडक्यानं पुसून आले.

गुरुवारी सकाळी आतून आवाज आला, "शिवकांता, माझं तोंड कपाटाकडं कोण केलं?"

"कोणीच न्हाई, अव्वा."

"मग कपाट हिकडं आलं का?"

शिवकांतानं खुर्ची सरळ केली. दुपारपर्यंत कमलम्मांचं तोंड दाराकडं झालं होतं, आणि खुर्ची कॅलेंडरापासून चांगली हातभर पुढं आली होती. शिवकांता पार्किंगमध्ये आली.

"अहो, खुर्ची चालायली."

"मस्त चालायली ना? म्हणलं होतं मी."

"तसं न्हाई ओ. चालायली. पायानं."

राजशेखररावांनी पहिला संशय घेतला तो घर बांधणाऱ्या गवंड्यावर. त्यांनी पाणसळ आणली, पोटावर झोपले आणि खोलीभर फरशीचा उतार शोधला. उतार सापडेना म्हणून एक गोटी आणून फरशीवर ठेवली. गोटी ठेवली तिथंच बसून राहिली. गवंडी निर्दोष सुटला. मग सासूबाई वामकुक्षीला पलंगावर गेल्या तेव्हा त्यांनी खुर्ची उताणी केली, कमानी काढल्या आणि एकीवर एक ठेवल्या. दोन्हींच्या मधून उजेड दिसला. फार नाही, नखभर. उजव्या बाजूच्या कमानीच्या पोटाला किंचित सपाटी आली होती. त्यामुळं प्रत्येक झोक्याला खुर्ची एका बाजूनं जरा जास्त सरकत होती, आणि गुळगुळीत फरशीवर तिला अडवणारं कोणी नव्हतं.

"सापडलं का काही?" शिवकांतानं विचारलं.

"फरशी लई गुळगुळीत हाय," राजशेखरराव म्हणाले आणि कमानी घाईनं परत बसवल्या. शनिवारी गुपचूप नव्या करायच्या, असं त्यांनी ठरवलं. आयुष्यात एकदा सासूनं कौतुक केलं होतं; ते चार दिवस तरी टिकावं, एवढीच इच्छा होती.

शुक्रवारी दुपारी जेवून सगळे जरा आडवे झाले. राजशेखरराव उठले ते शिवकांताच्या किंकाळीनं. मागच्या खोलीत पलंग होता, कपाट होतं, टमाट्याचं कॅलेंडर होतं. अव्वा नव्हती. खुर्चीही नव्हती.

"उमाशंकर आजच येऊन घेऊन गेला का काय?"

"खुर्चीसकट?"

"तुमी बोलू नका! फोन लावा त्याला!"

राजशेखररावांनी फोन हातात घेतला, तोच पुढच्या दाराकडून खणखणीत आवाज आला, "अरे बाबा, काच हाय म्हणून कुणाला सांगायलास? मला? वाजवून दाखव की!"

दोघं पळत बैठकीत गेले. पुढचं दार उघडं होतं आणि बरोबर उंबऱ्याला टेकून खुर्ची उभी होती. खुर्चीत कमलम्मा, ताठ, पदर डोक्यावर. बाहेर बांगड्यांची हातगाडी उभी होती आणि गाडीवाला घाम पुसत होता. तारामतीबाई आणि गल्लीतल्या अजून काही बायका भोवती जमल्या होत्या. कमलम्मा एकेक बांगडी उजेडात धरून निकाल देत होत्या. ही घे, ही नको, ही हातात फुटंल. बायका ऐकत होत्या. गाडीवालासुद्धा ऐकत होता.

"अव्वा! हितवर आलीस कशी तू?"

"कशी म्हणजे? खुर्चीनं." कमलम्मांनी काठी उचलून दाखवली. "दारात अडकली की ही चौकटीला लावायची, जरासीक ढकलायचं. मग आपलं झोके घेत घेत यायचं."

"भावजी," तारामतीबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "तुमची खुर्ची घर सोडून निघाली होती ओ! उंबरा नसता तर औसा रोडला लागली असती!"

बायका खो खो हसल्या. राजशेखरराव सगळ्यात मोठ्यानं हसले. पण हसताना आतून कुणीतरी रंधा मारतंय असं त्यांना वाटत होतं. फरशीवर मागच्या खोलीपासून उंबऱ्यापर्यंत खुर्चीच्या वाकड्यातिकड्या खुणा उमटल्या होत्या, आणि त्यांना त्या खुणांत स्वतःची सही दिसत होती. सासूबाईंच्या चेहऱ्याकडं मात्र त्यांनी नीट बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचा बराच त्रास वाचला असता.

शनिवारी ते सूर्य उगवायच्या आत पार्किंगमध्ये गेले. नवा प्लाय, नवा फर्मा. लांबीचा डबा त्यांनी मुद्दाम तारामतीबाईंकडं ठेवायला दिला. बिटची उंची तीनतीनदा तपासली. लाकूड रेटलं नाही, ओढलं नाही, श्वास धरून सावकाश नेलं. दुपारी दोन कमानी एकीवर एक ठेवल्या आणि उन्हाकडं धरल्या. मधून उजेडाचा एक किरणही आला नाही. राजशेखरराव खाली बसले. त्यांना रडू यायचं बाकी होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दोन गोष्टी सारख्या केल्या होत्या, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण आधीच्या सारख्या नव्हत्या हे त्यांनी कबूल केलेलं नव्हतं.

संध्याकाळी कमलम्मा खुर्चीत बसल्या. एक झोका, दुसरा झोका. खुर्ची मागं गेली, पुढं आली, आणि होती तिथंच राहिली. कमलम्मांनी काठी पलंगाला लावून ढकलून बघितलं. खुर्ची हलून पुन्हा जागेवर आली. त्यांनी कॅलेंडराकडं बघितलं आणि त्या काही बोलल्या नाहीत. दाराआडून बघणाऱ्या राजशेखररावांना ती शांतता समाधानाची वाटली.

रविवारी सकाळी उमाशंकर गाडी घेऊन आला. राजशेखररावांनी त्याला चहाच्या आधी खुर्ची दाखवली, पाठीवरची नक्षी दाखवली, कमानींवरून त्याचा हात फिरवून घेतला. मागून कमलम्मांचा आवाज आला, "उमाशंकर, झालं का बघून? पिशवी घे ती. चल."

शिवकांताच्या हातातली बशी तशीच राहिली. "अव्वा, असं काय? खुर्ची आवडली न्हाई का तुला?"

"खुर्ची चांगली हाय. पैलीबी चांगली होती. पैली चालती होती. ही बसल्या जागी बसलीय, माझ्यासारखी." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "जावयांनी मला पाय दिले होते. मग कामून काढून घेतले, इचारायची माझी छाती झाली न्हाई. लेकीच्या घरात माणसानं लई फिरू नये, हे मलाबी कळतं."

राजशेखररावांच्या डोळ्यांसमोर शुक्रवारचा उंबरा आला, ताठ बसलेली म्हातारी आली, आणि तेव्हा न बघितलेला तिचा चेहरा आता अगदी स्पष्ट दिसला.

"अव्वा," ते कसेबसे म्हणाले, "तसं न्हाई ओ. ते पैलं जे झालं, ते…"

"मुद्दाम केलं होतं ना तुमी? म्हातारीला कुणाला हाक मारायला लागू नये म्हणून?" कमलम्मा म्हणाल्या. "समद्या उदगीरला फोन करून सांगितलं मी. म्हणलं, माझ्या जावयाचं डोकं बगा. काठीनं वळती, झोक्यानं चालती, असली खुर्ची कुणाच्या जावयानं केलीय का?"

"हाव दाजी," उमाशंकर आदरानं म्हणाला. "मी तीच बघायला लवकर आलो."

राजशेखररावांनी बायकोकडं बघितलं. शिवकांता डोळ्यांनी विनवत होती. सत्य सांगायची ही शेवटची संधी होती, आणि त्यांनी ती सोडून दिली.

"मुद्दामच केलं होतं," ते म्हणाले. "ही नवी जोडी निस्ती बदली म्हणून लावली होती. जुन्या कमानी परत लावतो. दहा मिनिटाचं काम हाय. उमाशंकर, तू जेवून घे."

ते पार्किंगमध्ये आले. जुन्या कमानी कोपऱ्यात नव्हत्या. टेबलाखाली नव्हत्या. पाठोपाठ आलेल्या शिवकांतानं हळूच विचारलं, "त्या वाकड्या दोन पट्ट्या म्हणता का? तुमचे तुकडेताकडे पडलेले असतात तिथं होत्या. सकाळी बंबात घातल्या मी. पाणी लई चांगलं तापलं."

राजशेखरराव टेबलाला टेकून उभे राहिले. आता एकच मार्ग होता. चूक पुन्हा करायची.

आजवर न मागता, न बोलावता, दर खेपेला घरचीच असल्यासारखी येणारी चूक आज बोलावूनही येईना. त्यांनी तारामतीबाईंकडून लांबीचा डबा परत आणला. नव्या फर्म्याला पटाशीनं नखभर खड्डा पाडला, त्यात लांबी भरली आणि ती चोळून वाळवली. कमान काढली, सारखी निघाली. अजून एक काढली, तीही सारखी निघाली. लांबी यावेळी दगडासारखी घट्ट बसली होती. "खाली बस की गं जरा," ते लांबीला म्हणाले. आतून उमाशंकरच्या ढेकरांचा आवाज येऊ लागला होता. शेवटी त्यांनी कानस घेतली आणि एका कमानीच्या पोटाला हातानंच सपाटी आणली. डोळ्याला दिसणार नाही इतपत, पायाला कळेल इतपत. हे मात्र झकास जमलं. खुर्ची उताणी करून त्यांनी ती कमान आधीच्याच बाजूला, उजवीकडं, बोल्टनं पक्की केली.

कमलम्मा बसल्या. सगळे भोवती उभे राहिले. एक झोका, दुसरा झोका. खुर्ची किंचित सरकली.

"हौदु, हीच ती!" कमलम्मा आनंदानं ओरडल्या. "आली माझी खुर्ची!"

काठी चौकटीला लागली, खुर्ची दारातून बाहेर पडली, बैठकीत आली. राजशेखरराव पुढं जाऊन पुढचं दार उघडून उभे राहिले. खुर्ची मात्र त्यांच्याकडं यायची सोडून सावकाश डावीकडं वळू लागली. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. खुर्ची उताणी होती. उताण्या खुर्चीची उजवी बाजू सरळ केल्यावर डावी होते. कमलम्मांनी काठीनं वळवून बघितलं, पण खुर्चीनं ऐकलं नाही. झोके घेत घेत ती स्वयंपाकघरात शिरली आणि ओट्याशेजारी, मागच्या दारापाशी जाऊन थांबली. तिथून तारामतीबाईंचं अंगण दिसत होतं, गल्लीचं तोंड दिसत होतं, भाजीची गाडी येणारा रस्ता दिसत होता. आणि मान जरा वळवली की शिवकांताच्या कढईचा तळही दिसत होता.

"हे तर त्याच्याहून झ्याक," कमलम्मा म्हणाल्या. "रस्ताबी दिसतो आणि घरबी. उमाशंकर, तू जा बाबा. मी ऱ्हाते."

शिवकांतानं आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं. उमाशंकर खुर्चीचा व्हिडिओ काढून रिकामी गाडी घेऊन उदगीरला गेला. त्या रात्री शिवकांता कितीतरी दिवसांनी शांत झोपली.

पुढच्या रविवारी राजशेखरराव पार्किंगमध्ये भुसा झाडत होते. शिवकांता आली. हातात झारा, कपाळावर घाम.

"सकाळी सहाला खुर्ची ओट्यापाशी येती," ती दबक्या आवाजात म्हणाली. "फोडणीत मोहरी जास्त झाली. वरणाला उकळी कमी आली. पोळीचा काठ जाड हाय. तारामतीला हाक मारून मीठ किती घालायचं ते इचारती, माझ्यासमोर! अहो, ती कमान जरासीक घासा ना. बैठकीकडं वळू द्या तिला."

"बगतो. पण वळंल का न्हाई सांगता येत न्हाई."

शिवकांतानं त्यांच्याकडं डोळे बारीक करून बघितलं. "खरं सांगा. दोन्ही डाव तुमी मुद्दाम केलं ना? पैल्यांदा तिला दारात नेऊन सोडलं. आता माझ्या डोक्यावर आणून बसवलं. म्हणजे ती तुमच्या वाटंला न्हाई, आणि तुमी हितं निवांत."

"अगं, उताणी होती म्हणून डावं-उजवं चुकलं. चूक हाय ती."

"ऱ्हाऊ द्या. एवढी बराबर चूक कुणाला येती का? असलं काम हात बसल्याबिगर होत न्हाई."

आतून कमलम्मांची हाक आली, भाजी खाली लागल्याची. शिवकांता झारा उगारून आत पळाली. राजशेखरराव केरसुणी धरून तिथंच उभे राहिले. हात बसलाय, असा आळ या घरात त्यांच्यावर पहिल्यांदाच आला होता. आत जाऊन तो पुन्हा एकदा नाकारावा, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी नाकारायचं सोडून राऊटर टेबलावरचा भुसा फुंकला.